रिकामा ठेवलेला सापळा

अल्लीपूर
२० जानेवारी २०२५

प्रिय मोहिनीताई,

इतकी वर्षं पत्र नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. कारणं लिहायला बसलो तर पान भरेल आणि त्यातली निम्मी तुला वाचतानाच पटणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर आपलं बोलणं 'बरं आहे ना' च्या पुढे जात नाही, आणि मला आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. डायरी रोज लिहितो, पण डायरीतून आभार पोचत नाहीत.

अंकिता काल तुझ्याकडून आली ती तोंड फुगवूनच. पिपरी मेघेपासून अल्लीपूरपर्यंत ती गाडीत कोणाशी बोलली नसेल, असा चेहरा होता. मी विचारलं तेव्हा तिने पुण्याच्या अर्जाचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्यावर तू पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होतीस: "या दोन सापळ्यांना तुझ्याशिवाय कोणाकोणाचा हात लागतो?"

मी तुझं अक्षर कितीतरी वर्षांनी पाहिलं. 'झ' तसाच काढतेस.

आधी डिसेंबरातलं सांगतो, कारण त्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो. हिंगणघाटच्या विज्ञान प्रदर्शनात तू परीक्षक म्हणून येणार हे मला माहीत नव्हतं. अंकितालाही नव्हतं, ती तुला फोटोवरून ओळखत होती. ती म्हणाली, तिच्या टेबलाजवळ आल्यावर तू सोबतच्या सरांना सांगितलंस, ही माझ्या भावाची मुलगी आहे, हिचे गुण तुम्ही द्या, आणि बाजूला जाऊन उभी राहिलीस. घरी येऊन पोरगी मला म्हणाली, "बाबा, आत्यानं मार्क नाही दिले, पण फोन नंबर दिला." त्या दिवशी तिला हो किंवा नाही काहीच म्हणालो नाही. ती तुला फोन करत राहिली आणि मी ते पाहत राहिलो. माझी परवानगी इतपतच होती. तू मात्र तिला पुण्याच्या त्या संशोधन संस्थेबद्दल सांगितलंस, उन्हाळ्यात शाळा-कॉलेजची काही मुलं तिथे शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करतात हे सांगितलंस, आणि शिफारसपत्र मात्र मी लिहिणार नाही, तुझ्या सरांकडून घे, असंही बजावलंस. अकरावीतल्या मुलीला आपल्या तालुक्यात हे कोण सांगतं? मी बी.एस्सी. होऊन कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करतो, मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

आता तिचा राग का, ते. आपल्या कपाशीच्या पऱ्हाटीत तिने सहा कामगंध सापळे लावले आहेत, गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायला. चारांमध्ये मादीच्या वासाची गोळी, दोन बिनगोळीचे. गोळी नाही तर पतंग नाही, हे दिसावं म्हणून ते दोन मुद्दाम रिकामे ठेवायचे. दिवाळीपर्यंत ते रिकामे राहिलेही. दिवाळीनंतर त्यांत पतंग सापडू लागले. पोरगी हरखून गेली. वासाशिवायही पतंग येतात, काहीतरी वेगळं घडतंय, हे तिने अर्जाच्या मधोमध लिहिलं. तिच्या सगळ्या अर्जाचा जीव त्याच परिच्छेदात आहे. आणि तू त्याच्याच बाजूला ती ओळ लिहिलीस.

ती म्हणते, "आत्याला वाटते मी खोटं लिहिलं." मी म्हणालो, तसं वाटलं असतं तर तिने प्रश्न विचारला नसता. हे मी तुझ्या वतीने बोललो. चुकलं असेल तर सांग.

तू तिच्याजवळ तिळाच्या लाडवांचा डबा दिलास. आईने तो उघडला, वास घेतला, कोणी दिला हे विचारलं नाही. लाडू सगळ्यांना वाटले, एक स्वतः खाल्ला. डबा घासून फळीवर पालथा घातला.

आईचं तुला माहीत आहे. कोणाची वाटी आली तर रिकामी जात नाही, मूठभर शेंगदाणे तरी जातात. आपल्या घरून एकच डबा रिकामा परत गेला. तो कोणाचा, ते तुला मी सांगायला नको. अंकिताच्या बारशाला तू डिंकाचे लाडू पाठवले होतेस. तुझ्या लग्नानंतर आपल्या दाराशी तुझं काही आलं ते तेवढंच. आता हा दुसरा डबा फळीवर आहे, आणि आई स्वयंपाक करताना त्याच्याकडे पाठ करून बसते.

तुझा,
मुकेश

२९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. हसू येईल असं आहे, पण घरात कोणी हसलं नाही.

अंकिता रोज कॉलेजच्या गाडीआधी सापळे मोजायला जाते. परवा ती नेहमीपेक्षा आधी गेली, तुझा प्रश्न डोक्यात घेऊनच. अजून नीट उजाडलं नव्हतं. बांधावर आई. आई रोज त्या वेळी भाजी तोडायला जाते, त्यात नवल नाही. पण तिच्या हातात सापळ्याची पिशवी होती. सापळा म्हणजे वर नरसाळं आणि खाली लांब प्लास्टिकची पिशवी, टोकाला रबर. आईने भरलेल्या सापळ्याचं रबर काढलं, ओंजळीत थोडे मेलेले पतंग घेतले, रबर पुन्हा लावलं, आणि शांतपणे दोन ओळी ओलांडून बिनगोळीच्या सापळ्यात नेऊन टाकले. उरलेले दुसऱ्यात.

अंकिता धावतच तिच्याजवळ गेली म्हणे. "आजी, काय करून राह्यली तू?"

आई म्हणाली, "काय करतो? एकाच घरातले सहा. चौघायच्या ताटात भरभरून, अन् हे दोघं बिचारे रोज खाली, रिकामेच. दिवाळीच्या दिवशी पाह्यलं, तवापासून देतो थोडे थोडे."

संध्याकाळी अंकिताने तिला समजावून सांगितलं. ते सापळे रिकामे राहावे म्हणूनच लावले होते. आईला हे पटायला वेळ लागला. रिकामं ठेवायचं तर लावायचंच कशाला, हा तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण शेवटी ते तिला समजलं. मग विचारलं, "हे कोणं ओळखलं? तुह्या सरानं?"

"आत्यानं."

ताई, तो शब्द आपल्या स्वयंपाकघरात, आईसमोर, पहिल्यांदा उच्चारला गेला. अंकिताची आई पोळी लाटता लाटता थांबली. मी पेपर तसाच धरून राहिलो. आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "ते लहानपणापासून तशीच. भात शिजाच्या आधी झाकण उघडून पाह्यची."

एवढंच. मला तेवढंही पुष्कळ वाटलं, म्हणून त्याच रात्री डायरीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. वाटलं, तुला कळवायलाच हवं.

मुकेश

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अर्ज काल गेला. पण तो कसा गेला ते तुला अंकिता सांगणार नाही, कारण तिला माझी लाज राखायची आहे. म्हणून मीच सांगतो.

सापळ्यांचं कळल्यावर तिने कॉलेजच्या मोतीलाल सरांना विचारलं, आता काय करू. सर भले माणूस आहेत, तिच्यावर जीव आहे त्यांचा. ते म्हणाले, "तो परिच्छेद राहू दे. तिकडून अल्लीपूरला पऱ्हाटी पाहायला कोण येते?" पोरीने घरी येऊन मला सांगितलं. मी काय म्हणावं असं तुला वाटतं? मी, जो किराणावाल्याने चुकून जास्त दिलेलं बिस्कीट परत नेऊन देतो आणि त्यावरून बायकोचे टोमणे ऐकतो. मी म्हणालो, "तसं ठेवू नको. पण थोडं मोघम लिही. बिनगोळीच्या सापळ्यांचं काढूनच टाक, चारांचंच लिही."

ती म्हणाली, "बाबा, आजीनं चारांतूनच काढले ना? मग ते चार तरी कुठे खरे राहिले?"

मला हे सुचलंच नव्हतं. की सुचलं होतं आणि मी बाजूला सारलं होतं? चार दिवस स्वतःला विचारतोय. मी फक्त एवढं म्हणालो की मग अर्जात उरतं काय. त्यावर ती म्हणाली, "अन् हे नाही लिहायचं, तर तो सापळा मी खाली काऊन ठेवला होता?"

मग ती आजीजवळ गेली. "आजी, मी खरं खरं लिहीन. तुझं नाव आलं तर चालेल का?"

आई त्या दिवसापासून पोरीचं नुकसान आपल्या हातून झालं म्हणून धड जेवत नव्हती. ती म्हणाली, "टाक माह्यं नाव. विमलाबाई म्हणून लिहिजो, पुरं. अन् हेही लिहिजो का पोरीले ठाऊक नव्हतं."

तिने लिहिलं. मसुदा तू वाचला आहेसच, मी पुन्हा लिहीत नाही. तू फक्त दोन ठिकाणी शब्द बदललेस आणि शेवटी लिहिलंस, "आता हा अर्ज तुझा आहे." मोतीलाल सरांनीही वाचला. थोडा वेळ चष्मा पुसत बसले, म्हणे, आणि मग शिफारसपत्रात त्यांनी स्वतःहून एक वाक्य घातलं, की या मुलीने माझा सल्ला ऐकला नाही आणि ते योग्य केलं. असं लिहिणारा शिक्षक तिला मिळाला, हे तिचं भाग्य. मी त्यांना भेटून आभार मानले. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीचे माना."

तर ताई, मानतो. तू तिला उत्तर सांगितलं असतंस तर ती विसरली असती. तू प्रश्न दिलास, आणि त्याच्याबरोबर आमच्या घरात आणखी काय काय शिरलं, ते तुला दिसत नसेल, मला रोज दिसतं.

खरं सांगायचं तर आशा फार नाही. इतक्या अर्जांत खराब झालेले आकडे घेऊन जाणारी हीच असेल. पण ती रात्री झोपते छान.

डबा अजून फळीवर आहे.

मुकेश

१६ मार्च

प्रिय ताई,

मुलाखतीचं बोलावणं आल्यावर तू अंकिताला सराव दिलास, त्याबद्दल तिची आई मला रोज आठवण करून देते की ताईंना लिहा. लिहितो आहे. पण मुलाखतीत जे झालं त्याचा सराव कोणी दिला नव्हता.

रेंज आमच्याकडे फक्त माडीवर नीट येते. तिथे खुर्ची, टेबल, फोन उभा करायला पाट. आईने सकाळपासून गल्लीला तंबी दिली होती. कवडूकाकांनी ट्रॅक्टर सुरू केला तर जिन्यातूनच ओरडली, "बंद कर रे बाप्पा, पोरीची परीक्षा चालू हाय." मग स्वतः माडीच्या दाराआड जाऊन बसली. मी खाली चल म्हणालो. हलली नाही.

समोर पडद्यावर तिघे होते, दोन सर आणि एक मॅडम. प्रश्न बहुतेक मॅडमच विचारत होत्या. त्यांनी सरळ तिथेच बोट ठेवलं. म्हणाल्या, म्हणजे दिवाळीनंतरचे तुझे आकडे निरुपयोगी झाले. अंकिता हो म्हणाली, सगळेच, भरलेल्या सापळ्यांचेसुद्धा. मग तुझ्या हातात उरलं काय, असं त्यांनी विचारलं.

अंकिता म्हणाली, "दिवाळीच्या आधीचे आकडे. आणि एक गोष्ट कळली. सापळा रिकामा का ठेवलाय, हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. शेत आजीचं, वाट आजीची, आणि तिलाच माहीत नव्हतं."

तेवढ्यात दाराआडून आई आत. पदर सावरत थेट फोनसमोर.

"बाई, पोरीची चूक नाई. मीच टाकले."

अंकिताने डोळे मिटून घेतले. मी जिन्यातून आईला खुणेने परत बोलावलं. मॅडम मात्र पुढे वाकल्या आणि विचारलं, "आजी, का टाकले पण?"

"खाली होते म्हणून."

तिकडे तिघेही हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मी नीट ऐकलं. मॅडमनी विचारलं, पुढच्या वर्षी काय कराल. आई म्हणाली, "आता ठाऊक झालं नं. आता कोणाले हात लावू देत नाई."

फोन बंद झाल्यावर अंकिता आजीवर चिडली, मग रडली, मग दोघी हसायला लागल्या. मला मात्र रात्रभर एकच शंका, की मुलाखतीत घरच्या माणसाने बोलणं हे नियमाबाहेर तर नाही? संस्थेला खुलाशाची मेल पाठवावी का? मसुदाही केला. अंकिताच्या आईने तो वाचला आणि म्हणाली, "तुम्ही आता तरी गप बसा." बसलो. तुझं मत कळव. पाठवायला हवी असेल तर अजून पाठवता येईल.

अश्वजितरावांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, माझा जय भीम सांग. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. लिहिताना हात अडेल असं वाटलं होतं, अडला नाही. इतक्या सोप्या गोष्टीला मी इतकी वर्षं का लावली, याचाच विचार करतोय.

मुकेश

३१ मार्च

प्रिय ताई,

यादी लागली. निवडीत नाव नाही. प्रतीक्षा यादीत आहे.

अंकिताने तुला फोन केलाच. तू म्हणालीस, प्रतीक्षा यादी म्हणजे नकार नाही, आणि नकार आला असता तरी अर्ज तोच बरोबर होता. पहिलं वाक्य तिला पटलं नाही, दुसरं पटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली.

आईला प्रतीक्षा यादी समजावून सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आत बोलावलं नाई, पण दार लावलं बी नाई." मग फळीकडे पाहिलं.

मेलचं तू लिहिलंस, पाठवू नको. बरं. नाही पाठवली.

मुकेश

१३ एप्रिल

प्रिय ताई,

अंकिताने तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. एका मुलाने जागा सोडली आणि हिला बोलावणं आलं. पुण्याला, किडींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत, त्याच मॅडमच्या हाताखाली. पत्रात मॅडमनी शेवटी एक ओळ लिहिली आहे: आजींना नमस्कार सांगणे. अंकिताने ती मोठ्याने वाचली. आईने पुन्हा वाचायला लावली.

मी डायरीत काल लिहिलं, की ही निवड खरेपणामुळे झाली असं समजून चालू नये. कोणीतरी जागा सोडली म्हणून झाली. त्या मुलाने ती सोडली नसती तरी अंकिताने लिहिलं ते तसंच राहिलं असतं. हे लक्षात ठेवायचं म्हणून लिहिलं. पण त्याखाली हेही लिहिलं, की माझ्या पोरीला झाकण उघडून पाहायला शिकवणारं माणूस आमच्याच घरातलं होतं, आणि ते इतकी वर्षं आमच्याच दाराबाहेर होतं. हे दोन्ही एकाच पानावर आहे. कोणतं आधी वाचावं मला ठरवता येत नाही.

आता आज दुपारचं.

आईने फळीवरचा डबा काढला. मुगवड्या वाळत घातल्या होत्या, त्यांची पहिली खेप त्यात भरली. तू माडीवर बाजेखाली बसून ओल्या वड्या खायचीस आणि मार माझ्या वाट्याला यायचा, हे तिने अंकिताला सांगितलं. मी तिथेच होतो, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिने मांडणीवरून आणखी एक डबा उतरवला, नवा, मोठा. त्यातही वड्या भरल्या, वरून दाबून झाकण लावलं.

मी विचारलं, "दोन काऊन?"

आई दोरी शोधत होती. म्हणाली, "एक मागचा राह्यला होता."

मी म्हणालो, मी नेऊन देतो. त्यावर तिने नकारार्थी मान हलवली. "तू नको. तुह्या हातून पोचते, पण बोलणं नाई पोचत. मीच जातो." आणि जरा वेळाने, "जावई घरी राह्यते ना इतवारचे? नाई तर मी दारात कोणाशी बोलू?" तो शब्द तिने सहज म्हटला, ताई. अश्वजितरावांना जावई म्हणताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. जायचं उद्या, म्हणजे सोमवारी, पण आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने दोघंही घरी असाल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग चांगलंच झालं. सणाच्या घरी खाली हातानं जाणं नाई होत."

अंकिता तुला आधी फोन करून कळवू म्हणत होती. आईने नको म्हटलं. मला शंका आहे, आधी न सांगता येणं तुला बरं वाटेल की नाही. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता माझ्याजवळ ठेवतो, आईला पोचवायला मी येणारच आहे. तू आधी आईला घरात घेतलंस की मगच ते तुझ्या हातात देईन.

दोन्ही डबे कापडात बांधून दाराजवळ ठेवले आहेत. तुझे आभार कसे मानायचे ते मला अजून जमलेलं नाही. उद्या आई मानेल, तिच्या पद्धतीने.

उद्याचं काम: पिपरीला जायला वर्धेच्या पहिल्या गाडीत आईसाठी खिडकीची जागा धरणे.

तुझा,
मुकेश